मे महिन्याच्या सुट्टीत मुलांचं गणित टिकवायचं कसं?

मोगरा_बोरिवली
नमस्कार मंडळी. लेक पाचवीतून सहावीत गेली. स्टेट बोर्ड, सेमी इंग्रजी. वार्षिक परीक्षेत गणितात मार्क चांगले पडले, त्यामुळे मार्कांची काळजी नाही. काळजी वेगळीच आहे. गेल्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मार्चमध्ये घडाघडा करत होती तो भागाकार तिला जमेना. बाराच्या पुढचे पाढे तर पार पुसले गेले होते. बाईंचे पहिले काही आठवडे वर्गाची उजळणी करण्यातच गेले आणि मग पुढचा भाग घाईघाईने उरकावा लागला. बिल्डिंगमधले बाकीचे पालकही हेच सांगतात.

या वर्षी सुट्टी ही सुट्टीच राहावी आणि गणितही निसटू नये असं वाटतं. शेजारच्या दोन मुलांना अबॅकसला घातलंय, एकीला सहावीचा पोर्शन आत्ताच सुरू करणाऱ्या क्लासला. माझं मन त्याला तयार नाही. आम्ही दोघं नोकरी करतो, सकाळी साडेआठच्या आत घर सोडतो. दिवसभर ती आजीजवळ असते. महिनाअखेरीस गुहागरला गावी जाणार. तुमच्या घरी काय करता? रोज किती वेळ, कोण बसतं, काय देता, असं नेमकं सांगाल का?

दशांश
रोज वीस मिनिटं, नाश्ता झाल्यावर, टीव्ही लागायच्या आधी. वहीत सहा-सात उदाहरणं, सगळी वेगवेगळ्या प्रकारची. एक वजाबाकी, एक गुणाकार, एक भागाकार, एक अपूर्णांकाचं, एक शाब्दिक. पानभर भागाकारच दिले तर तिसऱ्या उदाहरणापासून मूल डोकं न लावता हात चालवतं. मिसळून दिले की प्रत्येक वेळी 'इथे काय करायचं' हा विचार करावा लागतो, आणि परीक्षेत मुलं नेमकी तिथेच चुकतात. माझा मुलगा सातवीत आहे, दोन सुट्ट्या हेच केलं. क्लासची गरज लागली नाही.

मामाचा_गाव
मला हे सगळं नको वाटतं. वर्षभर शाळा, क्लास, स्कूल बस, प्रोजेक्ट. सहा आठवडे मोकळे मिळतात, त्यातही वही? आम्ही मे महिनाभर खेळायचो, दुपारी झोपलेल्या आजोबांच्या शिव्या खायचो, आंबे खायचो. गणित कुठे गेलं नाही आमचं. मुलांना कंटाळा येऊ द्या. त्यातूनच ती स्वतः काहीतरी शोधून काढतात.

कैरीचं_पन्हं
मामाचा_गाव, बाळ, तुझी तळमळ कळते, पण त्या काळाचं चित्र अर्धंच काढलंस. आम्ही गिरगावात चाळीत वाढलो. दिवसभर हुंदडायचो हे खरं. पण दिवेलागणीला हातपाय धुऊन गॅलरीत बसायचं, शुभंकरोती झालं की पाढे. बे एके बे पासून तिसापर्यंत. त्यानंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. एक दीड दीड, बे दीड तीन, तीन दीड साडेचार, चार दीड सहा. लहान भावंडं मोठ्यांच्या मागून म्हणत म्हणत शिकायची. सुट्टी आहे म्हणून कुणी पाढे सोडत नसे. दहा-पंधरा मिनिटांत संपायचं, म्हणून कुणाला त्याचं ओझं वाटलं नाही, इतकंच.

मोगरा, तुझ्याकडे आजी घरात आहे ना? मग निम्मं काम झालं. दिडकी-अडीचकी आजीला येत असेल तर नातीला तीच शिकवू दे. अपूर्णांक जिभेवर बसले की छेद-अंशाची भीती वाटत नाही.

मोगरा_बोरिवली
आजींना पाढे सगळे येतात, अगदी अडीचकीसुद्धा! मला कधी विचारायचं सुचलं नव्हतं. आज रात्रीच बोलते.

डोंबिवलीकरीण
आम्ही मंडईत नेतो. फडके रोडच्या मागे भाजी घ्यायची, पैसे मुलीने द्यायचे, हिशोब तिने सांगायचा. गवार एकशेवीस रुपये किलो, तर पाव किलोचे किती? टोमॅटो चाळीस, दीड किलोचे किती? एकूण किती झाले, पाचशेची नोट दिली तर परत किती यायला हवेत?

यात एक अडचण हल्लीच लक्षात आली. आम्ही सगळीकडे फोन पुढे करून स्कॅन करतो. मुलांच्या डोळ्यांसमोर नोटाही येत नाहीत आणि सुट्टे पैसेही. परत किती मिळाले हा प्रश्नच उरला नाही. म्हणून सुट्टीत तिच्यासाठी मुद्दाम रोख ठेवते. भाजीवाल्या मावशींना सांगून ठेवलंय, ही हिशोब सांगेल, तुम्ही लगेच सांगू नका. त्या मजेत थांबतात.

आंब्याच्या पेटीवर तर घरात वादच झाला. पाच डझनांची पेटी ३,६०० रुपयांना, म्हणजे आंबा साठ रुपयांना. चार आंबे नासके निघाले. लेक म्हणाली, मग आता आंबा साठचा राहिला नाही, ५६ आंब्यांनाच ३,६०० पडले. भागायला बसली तर चौसष्ट रुपयांच्या पुढे संपेचना! बाकी उरत राहते हे बघून ती चक्रावली. दशांश चिन्हाच्या पुढे जायचं कसं हे तिला तिथे हवंसं वाटलं, शाळेत नको वाटायचं.

लोकलप्रेमी_ठाणे
+१ डोंबिवलीकरीण. रोख पैशांचा मुद्दा एकदम पटला.

माझं साधन लोकल. रेल्वेमार्गाच्या कडेला विजेच्या तारांचे खांब असतात, त्यांवर पाटी असते, वर एक आकडा आणि खाली एक. वरचा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. मध्य मार्गावर तो सीएसएमटीपासून वाढत जातो, ठाण्याला ३४ च्या आसपास. मुलाला खिडकीजवळ बसवायचं (दाराशी अजिबात नाही), हातात घड्याळ. वरचा आकडा बदलला की सेकंद मोजायला सुरुवात, पुढचा बदलला की थांबायचं. ३,६०० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी वेग. साठ सेकंद लागले तर साठ, पंचेचाळीस लागले तर ऐंशी. फास्ट गाडीत मुलुंड-घाटकोपर दरम्यान मोजा आणि मग स्लोमध्ये मोजा.

मुलाने एकदा विचारलं, 'बाबा, स्लो गाडीसुद्धा मधे साठने धावते, मग तिला जास्त वेळ का लागतो?' सरासरी वेग म्हणजे काय ते मी काहीही न शिकवता त्याच्यासमोर आलं. ठाण्याला उतरून आम्ही चौतीस किलोमीटर भागिले लागलेला वेळ असा हिशोब केला. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला याच बोरीबंदर-ठाणे मार्गावर धावली, हे कळल्यावर स्वारी तेव्हाचा वेग काढायला बसली.

अभ्यासक_वि
शिक्षणाच्या संशोधनात काम करते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली, सुट्टीत विसरायला होतं का? हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं होतं. सुट्टीनंतर साधारण महिनाभराचं शिकणं मागे पडलेलं दिसलं. वाचनापेक्षा गणितात घसरण जास्त, त्यातही आकडेमोडीत. त्यांची सुट्टी आपल्यापेक्षा बरीच मोठी असते आणि नंतरच्या संशोधकांनी त्या निष्कर्षांवर शंकाही घेतल्या, त्यामुळे घाबरून जाऊ नये. पण मोगराताईंचा अनुभव त्याच्याशी जुळतो. समजलेली कल्पना सहसा टिकते. भागाकारासारखी पायऱ्यापायऱ्यांची रीत न वापरल्यास आधी जाते.

दुसरी गोष्ट मंडईबद्दल. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं. ती गिऱ्हाइकाला तोंडी, चटकन आणि अचूक हिशोब सांगत होती. तीच आकडेमोड पाठ्यपुस्तकातल्यासारखी कागदावर मांडून दिली की बहुतेकांना जमत नव्हती. आणि उलट, शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं कागदावरची उदाहरणं बरी सोडवत होती, पण बाजारातला हिशोब तोंडी करताना अडत होती. म्हणजे एकीकडचं कसब आपोआप दुसरीकडे जात नाही. मुलाला मंडईत नेलं की शाळेचं गणित सुधारेल असं गृहीत धरू नका. घरी येऊन तोच हिशोब वहीत मांडायला लावा. दीड किलो टोमॅटोचे साठ झाले ना, मग ते १.५ × ४० असं लिहून दाखव. हा जोड मोठ्यांनी मुद्दाम द्यावा लागतो.

डोंबिवलीकरीण
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आमच्याकडे लिहिण्याचा भाग होतच नाही, पिशव्या ठेवल्या की विषय संपतो. आजपासून फ्रिजवर कागद लावते.

दशांश
म्हणूनच मी म्हणत होतो, वहीला पर्याय नाही.

मामाचा_गाव
आणि अभ्यासात हेही दिसलं की नुसती वही करणाऱ्यांना बाजारात हिशोब येत नाही!

मास्तर_लालबाग
दोघंही बरोबर आहात, आता थोडं थांबा. पस्तीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. पालक सुट्टीत येऊन विचारायचे, सर, काय करून घेऊ? मी म्हणायचो, आधी बघा कुठे अडतंय. सगळ्या पुस्तकाची उजळणी कशासाठी? मुलाला जे येतंय तेच परत परत करायला लावलं की त्याला गणिताचा वीट येतो, आणि जे येत नाही ते तसंच राहतं.

सहावीत जाणाऱ्या मुलीला चार उदाहरणं द्या. वेळ लावू नका, ओरडू नका, फक्त काय लिहिते ते बघा.

६१२ भागिले ६. बरीच मुलं १२ लिहितात. सहा एके सहा झालं, पुढचा १ खाली घेतला, त्यात सहा जात नाही, मग २ खाली घेतला, बाराला सहाने भागलं, दोन. मधे भागाकारात शून्य लिहायचं राहिलं. अशा मुलीला पन्नास भागाकार देऊन उपयोग नाही. तिला एवढंच विचारा, सहाशे रुपये सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला किती? शंभर. मग सहाशे बारा वाटले तर बारा कसे येतील? अंदाज आधी, भागाकार नंतर. ही सवय लागली की ती स्वतःच पकडते.

४०३ वजा १७८. उत्तर ३७५ आलं तर समजा की मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत चाललीये, वर-खाली बघत नाही. हातच्याचं लक्षात नाही, मधल्या शून्याला घाबरलीये. दहाच्या, शंभरच्या नोटा घेऊन बसा. शंभराची नोट मोडून दहा-दहाच्या करायच्या, त्यातली एक मोडून सुट्टे. दोन दिवसांत कळतं.

०.३ मोठा की ०.२५? पंचवीस तिनापेक्षा मोठे म्हणून ०.२५ सांगितलं तर दशांश अपूर्णांक तिच्या डोक्यात पूर्णांकासारखे आहेत. मोजपट्टी घ्या, किंवा तीस पैसे आणि पंचवीस पैसे म्हणा.

शेवटचं, अर्धा अधिक एक तृतीयांश. उत्तर दोन पंचमांश आलं तर पुढे काही बोलू नका, फक्त विचारा की दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा मोठे की लहान. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं! मूल थबकतं. ते थबकणं फार मोलाचं आहे, तिथे आपण लगेच उत्तर सांगायचं नाही.

पाढ्यांचं म्हणाल तर पन्हंताईंना पूर्ण अनुमोदन. फक्त भर एवढीच की सतराचा पाढा विसरला तर दहाचा आणि साताचा मिळून तो उभा करता आला पाहिजे. सतरा आठे? ऐंशी आणि छप्पन्न, एकशे छत्तीस. पाठांतर आणि समज, दोन्ही हवं.

खडूफळा
मास्तर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून स्टाफरूममध्ये लावते.

मी मानखुर्दच्या बाजूला पालिकेच्या शाळेत शिकवते. आम्ही जूनमध्ये 'असर'च्या (मुलांना वाचता आणि आकडेमोड करता येते का हे बघणारी देशभरची पाहणी) चाचणीसारखंच करतो. दोन अंकी संख्या ओळखणं, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. प्रत्येक मुलाबरोबर पाच मिनिटं. कोण कुठे आहे ते कळतं आणि त्याप्रमाणे गट करता येतात.

पण इथली चर्चा वाचताना माझ्या वर्गातली मुलं डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या सुट्टीत आजी नसते, मंडईचा फेरफटका नसतो. आई धुणीभांडी करायला सकाळी सातला बाहेर, वडील रिक्षावर. खोलीत मोठी बहीण, धाकटा भाऊ आणि एक फोन. बहीण स्वतः सातवीत असते आणि तिला पाणी भरायचं असतं, भात लावायचा असतो. सुट्टीत मुलं मागे पडतात ती सारखी मागे पडत नाहीत. मोगराताईंच्या लेकीचं पंधरा दिवसांत भरून येईल. माझ्या वर्गातल्या मुलाचं वर्षभर भरून येत नाही, कारण त्याच्यावर पुढच्या इयत्तेचं ओझं लगेच येतं.

मोगरा_बोरिवली
खडूफळाताई, हे वाचून पोटात कालवलं. या मुलांसाठी सुट्टीत शाळेत काही करता येत नाही का?

खडूफळा
शाळा बंद असते, पण वस्तीत समाजमंदिर आहे. तिथे आठवड्यातून दोनदा दुपारी मी आणि एक माजी विद्यार्थिनी बसतो. वीसेक मुलं येतात. वही-पेन्सिल फार चालत नाही, उकाड्यात डोकं बधिर होतं. खेळातून करतो. त्यासाठी काय काय लागतं ते पुढे लिहीन.

नववीतला
काका-काकू, मी बोलू का? मी नववीत गेलो. मला गणित आवडायला लागलं ते आयपीएलमुळे. धावफलकावर १२.३ षटकं लिहिलेली असतात ना, ती साडेबारा असतात! १२ षटकं आणि ३ चेंडू म्हणजे ७५ चेंडू. भागिले सहा, १२.५. शंभर धावा झाल्या असतील तर धावगती बरोबर ८. कॅल्क्युलेटरवर कुणी १०० भागिले १२.३ केलं तर ८.१३ येतं आणि ते चूक. मी वर्गात हे सांगितल्यावर सरांनी फळ्यावर लिहायला लावलं. आणखी एक. बारा चेंडूंत तीस हवे असताना एक चेंडू निर्धाव गेला तर हवी असलेली गती कितीने वाढली ते मी मनात काढतो. बाबा म्हणतात मॅच बघ, पण मला ते केल्याशिवाय बघवतच नाही.

मास्तर_लालबाग
शाब्बास रे पोरा. १२.३ चा मुद्दा मी वर्गात वापरला असता तर किती मुलांचं दशांश चिन्ह पक्कं झालं असतं. हाच प्रश्न घड्याळाचाही. २ तास ३० मिनिटं म्हणजे २.३ तास नव्हेत.

दशांश
नववीतला, माझ्या मुलाला दाखवतो हे. तो सगळे सामने बघतो, आता वही घेऊन बघेल.

सीबीएसई_आई_पवई
आमचं वेगळंच. शाळेचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं. दोन-तीन धडे झाले आणि मग सुट्टी. जूनमध्ये शाळा तिथूनच पुढे धरणार. हॉलिडे होमवर्कची जाडी बघून मुलगा रडकुंडीला आला. त्यात गणिताची पन्नास उदाहरणं, सगळी एकाच धड्याची. शेवटच्या दोन दिवसांत रात्री जागून उरकली जातात हे घरोघरी माहीत आहे.

अभ्यासक_वि
पवईताई, ती पन्नास उदाहरणं दिवसाला दोन अशी वाटून टाका. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विसरण्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून पुन्हापुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे तेवढाच सराव अंतराअंतराने केला तर एका बैठकीतल्या सरावापेक्षा जास्त टिकतो. शेवटच्या रात्री केलेली पन्नास जुलै येईपर्यंत उडून जातात.

लोकलप्रेमी_ठाणे
थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. मुलांना गणिती कापरेकरांचं ६१७४ दाखवलंय का कुणी? कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. पुन्हा तेच, ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ वर पुन्हा करा, पुन्हा ६१७४ च! जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं. हातच्याच्या वजाबाकीचा इतका सराव मुलं आपणहून दुसऱ्या कशानेच करत नाहीत, कारण मधे वजाबाकी चुकली तर गाडी भलतीकडे जाते आणि त्यांना ती शोधावी लागते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्याच भागातले, १९०५ मध्ये डहाणूला जन्म. आयुष्यभर देवळालीच्या शाळेत शिकवलं.

डोंबिवलीकरीण
आणि कापरेकरांच्या डेमलो संख्या! डेमलो म्हणजे आमची डोंबिवली. रेल्वे स्टेशनचं तेव्हाचं नाव. तिथे त्यांना त्या संख्यांचा विचार सुचला म्हणून त्यांनी स्टेशनचं नाव दिलं. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. लेकीला सांगितल्यावर ती म्हणाली, 'आई, गाडी लेट असणार, म्हणून त्यांना वेळ मिळाला!'

कैरीचं_पन्हं
वा! लेकीला माझ्याकडून एक आंबा, साठ रुपयांचाच.

मामाचा_गाव
कापरेकरांचा खेळ आज भाचरांना दाखवला. तासभर चौघं जमिनीवर कागद पसरून बसली होती. हे मला मान्य. माझा विरोध कुणी ओरडून बसवण्याला आहे, गणिताला नाही.

आमच्याकडचा कॅरम सांगतो. काळी दहा, पांढरी वीस, राणी पन्नास. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी, म्हणजे सगळे मिळून ३२०. सहा वर्षांची भाची दहा-दहाने मोजते, मोठा भाचा समोरच्याचे गुण ३२० मधून वजा करून आपले किती ते आधीच सांगतो. स्ट्रायकर कुठल्या कोनात मारला की परत कुठे येतो हे तर ती बोलतात त्याहून नीट दाखवतात.

दशांश
मामाचा_गाव, आता आपलं जुळलं. मी वीस मिनिटांची पंधरा करतो.

एक माझ्याकडूनही. मे महिन्यात एसी चालतो, मीटर पळतो. मुलाला रोज रात्री नऊला मीटरचा आकडा लिहायला लावलाय. आजचे युनिट म्हणजे आजचा वजा कालचा. पंखा ७५ वॉटचा, दहा तास चालला तर ७५० वॉट-तास, म्हणजे पाऊण युनिट. एसीचे किती हे त्याने वजाबाकीने काढलं आणि आईला नेऊन दाखवलं. आता टप्प्यांचा हिशोब चालू आहे. पहिले शंभर युनिट एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या. तिनशे एकावा युनिट महाग पडला म्हणजे आधीचे तिनशेही महाग झाले असं त्याला वाटत होतं. तसं नसतं, हे बिल समोर ठेवून उलगडलं. पुढे प्राप्तिकर समजायला हेच लागणार.

मोगरा_बोरिवली
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरांची चार उदाहरणं रविवारी दिली. वजाबाकी आणि ०.३ बरोबर. अपूर्णांकात लसावि काढून नीट उत्तर, पाच षष्ठांश. आणि ६१२ भागिले ६ ला १२!! मी काही बोलले नाही. सहाशे रुपये सहा जणांत, एवढंच विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि 'थांब, थांब' म्हणत शून्य घातलं. नंतर स्वतःच ८२४ भागिले ४ करून दाखवलं, २०६.

म्हणजे भागाकारातलं शून्य एवढंच अडत होतं. त्यासाठी मी तिला क्लासला पाठवणार होते का, हा विचार करून बरं वाटतंय.

आता असं ठरवलंय. संध्याकाळी आजीबरोबर दिडकी आणि अडीचकी. आठवड्यातून चार दिवस तीन उदाहरणं, त्यात एक भागाकार ज्याच्या मधे शून्य येतं, आधी अंदाज लिहून. रविवारी बाबांबरोबर रोख पैसे घेऊन बाजार, आणि घरी आल्यावर तो हिशोब वहीत. गुहागरला वही नेणार नाही, कॅरम नेणार. मास्तर, हे बरोबर वाटतंय का? सहावीचा पोर्शन आधी करायला हवा असं अजूनही काही जण म्हणतात.

मास्तर_लालबाग
अगदी बरोबर. पुढचा पोर्शन नको. वर्गात नवीन काही कळण्याचा आनंद असतो, तो आधीच क्लासमध्ये खर्च झाला की जूनमध्ये मूल खिडकीबाहेर बघत बसतं. सहावीत पूर्णांक संख्या येतील, गुणोत्तर येईल. पन्ह्यात एक वाटी गराला दोन वाट्या गूळ, तर तीन वाट्या गराला किती, एवढं तोंडी झालं तर पुरे.

कैरीचं_पन्हं
मास्तर, एकास दोन गूळ घातला तर पन्हं गोडमिट्ट होईल. एकास दीड ठेवा, म्हणजे दिडकीही होईल.

मास्तर_लालबाग
पाककृतीत तुमचा शब्द अंतिम.

खडूफळा
समाजमंदिराचं पुढे लिहीन म्हटलं होतं. कापरेकरांचा खेळ आणि कॅरम, दोन्ही आम्हाला जमण्यासारखे आहेत. कागद-पेन्सिली आहेत. कॅरम बोर्ड एकच आहे, त्याची एक कड फुगलीये आणि वीस मुलं रांगेत बसतात. कुणाकडे वापरात नसलेला बोर्ड असेल तर हवा आहे. कुणाला शनिवारी दुपारी दोन तास येऊन मुलांबरोबर बसता आलं तर त्याहून चांगलं. हार्बरने मानखुर्दला उतरलात की मी न्यायला येईन. इथेच निरोप टाका.

दशांश
शनिवारी येतो, मुलालाही आणतो. नऊ वर्षांच्या मुलांना मीटर वाचायला तो शिकवेल.

मामाचा_गाव
माझ्याकडे माळ्यावर मोठा बोर्ड पडून आहे. सोंगट्या पूर्ण आहेत, स्ट्रायकर मात्र हरवला.

नववीतला
माझ्याकडे दोन स्ट्रायकर आहेत. आईला विचारून सांगतो, ती हो म्हणाली तर मीपण येतो.

खडूफळा
आईंशी मी बोलू का? शनिवारी तीन वाजता, समाजमंदिराचं कुलूप पावणेतीनला उघडते. बोर्डासाठी टॅक्सी लागेल, तिचं भाडं आपण वाटून घेऊ.